शिळ्या बातमीवर चालणारा कारखाना

बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली, की साखर कारखाना पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस चालतो. मिलमधून रस निघतो, तो तापतो, त्यात चुना मिसळतो, गाळ खाली बसतो, निवळ रस आटून त्याचं सिरप होतं. यातल्या बहुतेक टप्प्यांवर ‘जरा थांबू, मग बघू’ अशी सोय नसते. रस थांबला तर नासतो आणि वाफ थांबली तर सगळंच थांबतं. तेलशुद्धीकरण, खत, कागद आणि सिमेंटचे कारखानेही याच जातीचे. मोटारीच्या कारखान्यात एखादा भाग बिघडला तर तो उचलून बाजूला ठेवता येतो. सलग प्रक्रियेत बिघडलेला क्षण बाजूला काढता येत नाही, तो पुढच्या चांगल्या क्षणात मिसळून जातो. त्यामुळे तापमान, दाब, पातळी, प्रवाह आणि आम्लता या पाच-सहा गोष्टी सतत जागेवर धरून ठेवणं हाच अशा कारखान्यांतला खरा उद्योग असतो.

तो कसा चालतो हे पाहायचं तर बॉयलरच्या माथ्यावर जायला हवं. तिथे जाड पोलादाचा एक आडवा, लांबट दंडगोल असतो. हा स्टीम ड्रम. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात पाणी आणि वरच्या अर्ध्या भागात वाफ असते. पाण्याची पातळी फार उतरली तर भट्टीभोवतीच्या नळ्या कोरड्या पडून तापतात आणि फुटतात. फार चढली तर वाफेबरोबर पाण्याचे थेंब निघतात, त्यांच्यातले क्षार सुपरहीटरमध्ये आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसतात आणि लाखमोलाचं यंत्र खराब होतं.

चूक सुधारायला किती वेळ मिळतो, याचा हिशेब करून पाहू. समजा ड्रम आतून दीड मीटर व्यासाचा आणि दहा मीटर लांब आहे, आणि बॉयलर तासाला 100 टन वाफ देतो. वीजही तयार करणाऱ्या साखर कारखान्यात हे आकडे अवाच्या सवा नाहीत. पातळी मध्यापासून 15 सेंटिमीटर उतरायला साधारण सव्वादोन घनमीटर पाणी कमी व्हावं लागतं. ड्रममधलं पाणी तापून विरळ झालेलं असतं, म्हणून त्याचं वजन दीड-पावणेदोन टनच भरतं. इकडे वाफेच्या रूपाने मिनिटाला 1.67 टन पाणी बाहेर पडतंय. म्हणजे पंप बंद पडला तर जेमतेम एका मिनिटात पातळी वीतभर खाली! चहाचा कप तोंडाला लावून खाली ठेवेपर्यंत बॉयलर धोक्यात येऊ शकतो.

लूपच्या चार कड्या

म्हणून ही पातळी एखाद्याच्या नजरेवर सोडत नाहीत. ड्रमच्या बाजूला बसवलेला ट्रान्समीटर दाबाच्या फरकावरून पातळी मोजतो आणि कंट्रोलरकडे पाठवतो. कंट्रोलर तिची तुलना ठरवून दिलेल्या आकड्याशी, म्हणजे सेटपॉइंटशी करतो. फरक असेल तर तो कंट्रोल व्हॉल्व्हला हुकूम सोडतो आणि व्हॉल्व्ह तेवढं जास्त किंवा कमी पाणी आत घेतो. त्याने पातळी बदलते, ट्रान्समीटर नवी पातळी कळवतो आणि पुन्हा तेच चक्र. मोजणं, ताडून पाहणं, करणं आणि केल्याचा परिणाम पुन्हा मोजणं असा हा लूप आहे. यालाच फीडबॅक म्हणतात.

याची मोठी खुबी अशी की बिघाड कशामुळे झाला हे लूपला माहीत असण्याची गरज नसते. जळणाचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ओला आला, पंप जरा थकला, टर्बाइनवरचा भार वाढला, कारण काहीही असो. फरक दिसला की लूप तो कमी करायच्या मागे लागतो. अज्ञानातही काम करणारी अशी व्यवस्था विरळा.

पण या खुबीची किंमत मोजावी लागते. फरक दिसल्याशिवाय लूप हलत नाही, म्हणजे चूक आधी आणि दुरुस्ती नंतर हा क्रम ठरलेला. त्यातही ती चूक कंट्रोलरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि दुरुस्तीचा परिणाम दिसायला आणखी वेळ. कंट्रोलर नेहमीच शिळ्या बातमीवर निर्णय घेत असतो. या विद्येतली बहुतेक हुशारी ती शिळी बातमी ओळखण्यात आणि तिच्यावर किती जोरात वागायचं हे ठरवण्यात खर्ची पडते.

सफाईदार यंत्राचं दुखणं

ही अडचण आधी वाफेच्या इंजिनात दिसली. जेम्स वॉटने 1788 मध्ये आपल्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, त्यांना जोडलेला दांडा वाफेची वाट आवळतो आणि वेग उतरतो. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. पवनचक्क्यांच्या जात्यांवर असे गोळे आधीपासून वापरात होते.

पुढे इंजिनं अधिक सफाईने बनू लागली, घर्षण कमी झालं आणि एक विचित्र तक्रार वाढली. वेग स्थिर राहण्याऐवजी झुलू लागला. गव्हर्नर वाफ आवळायचा, पण इंजिनाचं जड चाक वेग सोडायला वेळ लावायचं. ते मंदावेपर्यंत वाफ गरजेपेक्षा जास्त आवळली गेलेली असे. मग वेग फार उतरे, गव्हर्नर वाट सताड उघडे आणि वेग पुन्हा उसळे. कारखान्यांत याला आजही हंटिंग म्हणतात. जुन्या यंत्रातलं घर्षण हे झोके गिळून टाकत होतं. ते गेल्यावर मूळ दोष उघडा पडला.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला. विस्कटलेली घडी चार प्रकारे वागू शकते असं त्याने दाखवलं: बिघाड वाढत जाईल, विरत जाईल, वाढत्या झोक्यांनी झुलेल किंवा घटत्या झोक्यांनी झुलून शांत होईल. यातलं काय होणार हे यंत्राच्या समीकरणावरून आधीच सांगता येतं. पण त्याचं गणित साध्या यंत्रांपुरतंच नीट सुटत होतं. अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांसाठीची सर्वसाधारण कसोटी एडवर्ड राउथने 1877 मध्ये दिली. दुरुस्ती जितकी जोरदार तितकी चांगली, हा समज इथे मोडीत निघाला. उशिरा आलेल्या बातमीवर जोरात वागणं म्हणजे आग विझवायला गेलेल्याने ती पसरवणं.

आज, काल आणि उद्या

मग कंट्रोलरने वागायचं कसं? निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने 1922 मध्ये जहाजाच्या सुकाणूबाबत याचं उत्तर मांडलं. मुरलेला सुकाणूधारी तीन गोष्टी बघतो: जहाज आत्ता दिशेपासून किती ढळलंय, ते किती वेळ ढळलेलं आहे आणि ढळण्याचा वेग किती आहे. कारखान्यांतल्या बहुसंख्य लूपमध्ये आजही हेच तीन भाग असतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीआयडी म्हणतात.

रस तापवण्याच्या हीटरवर हे तिन्ही भाग पाहू. गाळ बसवण्याआधी रस 103 अंशांच्या आसपास तापवायचा आहे आणि वाफेचा व्हॉल्व्ह एरवी 50 टक्के उघडा असतो. पहिला भाग आत्ताच्या फरकाच्या प्रमाणात वागतो: तापमान एक अंश उतरलं की व्हॉल्व्ह 5 टक्के जास्त उघड. आता मिलने गती घेतली, रस वाढला आणि व्हॉल्व्ह 60 टक्के उघडा असण्याची गरज पडली. हा जादा 10 टक्के मिळवायला तापमान दोन अंश खालीच राहायला हवं! फरक मिटला तर व्हॉल्व्ह पुन्हा 50 वर येईल. त्यामुळे रस 101 वर अडकून बसतो. कंट्रोलर मन लावून काम करतोय आणि तरीही लक्ष्य गाठत नाही, असा हा प्रकार.

पूर्वी ऑपरेटर जाऊन हाताने हा फरक भरून काढत. ते काम दुसऱ्या भागाने घेतलं. तो साचलेल्या फरकाची बेरीज करत राहतो आणि फरक शून्य होईपर्यंत व्हॉल्व्हला ढकलत राहतो. अमेरिकेतल्या फॉक्सबोरो कंपनीने 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला हवेच्या दाबावर चालणारा असा कंट्रोलर बाजारात आणला. मात्र या बेरजेला आवर घालावा लागतो. समजा वाफेचा दाबच पडला. व्हॉल्व्ह सताड उघडला तरी रस तापत नाही आणि बेरीज मात्र फुगत जाते. वीस मिनिटांनी वाफ परतते, रस 103 ओलांडतो, पण फुगलेली बेरीज ओसरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि रस उकळून फसफसतो. म्हणून व्हॉल्व्ह टोकाला पोचला की बेरीज थांबवण्याची सोय आता कंट्रोलरमध्येच असते.

तिसरा भाग बदलाचा वेग बघतो. तापमान झरझर चढत असेल तर ते लक्ष्यावर पोचण्याआधीच तो वाफ आवळतो. टेलर कंपनीने त्याला ‘प्री-ॲक्ट’ असं नाव दिलं होतं. शिळ्या बातमीवरचा हा एक उतारा, पण तो जपून घ्यावा लागतो. खळबळत्या पाण्याची पातळी तशीही थरथरत असते. त्या थरथरीलाच तो बदल समजला तर व्हॉल्व्ह विनाकारण नाचू लागतो. म्हणून शांतपणे बदलणाऱ्या तापमानावर तो शोभतो, पातळी आणि प्रवाहावर बहुधा बंदच ठेवतात.

या तीन भागांचे आकडे किती ठेवायचे, याला ट्यूनिंग म्हणतात. टेलर कंपनीतल्याच जॉन झिग्लर आणि नॅथॅनिएल निकोल्स यांनी 1942 मध्ये त्यासाठी एक नियम दिला. दुसरा आणि तिसरा भाग बंद करा. पहिल्याचा जोर हळूहळू वाढवा, इतका की लूप एकसारखा झुलू लागेल, झोके वाढणारही नाहीत आणि विरणारही नाहीत. तो जोर आणि एका झोक्याचा वेळ लिहून घ्या. जोर त्याच्या 0.6 पट ठेवा, बेरजेचा कालावधी झोक्याच्या निम्मा आणि वेगाच्या भागाचा कालावधी झोक्याच्या एक अष्टमांश. झोका दोन मिनिटांचा असेल तर अनुक्रमे एक मिनिट आणि 15 सेकंद. या नियमाला रसायनशास्त्राची किंवा हीटरच्या आराखड्याची गरज पडत नाही. बातमीला किती उशीर होतो, हे लूपलाच बोलतं करून काढून घ्यायचं, एवढंच. चालू कारखान्यात लूप असा कड्यावर नेणं धाडसाचं असतं आणि या नियमाने येणारे आकडे जरा आक्रमक असतात, म्हणून पुढे अनेक सौम्य नियम आले. पण त्या सगळ्यांची दिशा हीच राहिली.

चुन्याची गोष्ट

उशिराचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो रसात चुना घालताना. ताज्या रसाचा पीएच साधारण सव्वापाच ते साडेपाच असतो, म्हणजे तो आंबट असतो. त्यात मिल्क ऑफ लाइम, म्हणजे पाण्यात कालवलेला चुना, आणि गंधकाचा धूर सोडून तो सातच्या आसपास आणायचा असतो. पीएच खाली राहिला तर गरम रसातली साखर फुटून तिच्यापासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. पोत्यात जाणारी साखर तेवढी घटते. वर गेला तर तेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोडून रसाचा रंग काळवंडतो.

अडचण अशी की चुना जिथे पडतो तिथे पीएच मोजून उपयोग नसतो, कारण तो अजून नीट मिसळलेला नसतो. म्हणून मोजणारा इलेक्ट्रोड पुढे बसवतात. रस तिथवर पोचेपर्यंतचा वेळ पूर्ण आंधळा. चुना जास्त पडलाय हे कळेपर्यंत तितका वेळ जास्तच चुना पडत राहिलेला असतो. मग कंट्रोलर तो आवळतो, म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसरी गोम पीएचच्या मापातच आहे. पीएच एकाने बदलला की आम्लता दहापट बदलते. आंबट रसाला सातकडे न्यायला बराच चुना लागतो, पण सातच्या जवळ आल्यावर थोडक्या चुन्यानेही आकडा उडी मारतो. दूर असताना योग्य वाटणारा जोर जवळ आल्यावर फार होतो आणि जवळ शोभणारा जोर दूर असताना रेंगाळतो.

तिसरी गोम सगळ्यात छुपी. इलेक्ट्रोडच्या काचेवर चुन्याचा थर बसत जातो. आकडा चुकीचा दिसतोच असं नाही, पण तो हळू हलायला लागतो. हंगामाच्या सुरुवातीला नीट ट्यून केलेला लूप काही आठवड्यांनी झुलायला लागतो, कारण बातमी अधिक शिळी झालेली असते. अशा वेळी कंट्रोलरचे आकडे बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इलेक्ट्रोड काढून सौम्य आम्लाने धुतला की लूप पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

कॅलिफोर्नियातल्या ऑटो स्मिथने 1957 मध्ये या आंधळ्या वेळावर एक युक्ती सुचवली. कंट्रोलरला प्रक्रियेचं एक गणिती प्रतिरूप द्यायचं. ‘आत्ता एवढा चुना घातला तर अमुक वेळाने पीएच इतका होईल’ हे प्रतिरूप लगेच सांगतं, आणि कंट्रोलर बातमी येण्याआधीच धीर धरायला शिकतो. 1970 च्या दशकात शेल कंपनीच्या अभियंत्यांनी ही दिशा पुढे नेली. अनेक व्हॉल्व्ह आणि अनेक तापमानांचं एकत्र भाकीत करून पुढच्या चाली ठरवणारी पद्धत त्यांनी बसवली आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत ती रुळली. प्रतिरूप चुकीचं असेल तर मात्र ही युक्ती अंगाशी येते.

पातळी खोटं बोलते तेव्हा

आता पुन्हा ड्रमकडे. तिथे बातमी नुसती शिळी नसते, काही क्षण ती चक्क उलटी असते.

समजा टर्बाइनने एकदम जास्त वाफ ओढली. ड्रममधलं पाणी कमी होणार, म्हणून पातळी उतरायला हवी. प्रत्यक्षात ती आधी चढते! वाफ ओढली गेल्याने ड्रममधला दाब पडतो. दाब पडला की पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात, नवे तयार होतात आणि सगळं पाणी वर उचललं जातं. वजनाने पाणी घटत असतं आणि पातळी वाढत असते. भार अचानक कमी झाला तर उलटं: बुडबुडे आक्रसतात आणि पाणी पुरेसं असूनही पातळी खाली जाते. बॉयलरवाले याला स्वेल आणि श्रिंक म्हणतात.

भोळा कंट्रोलर इथे नेमका फसतो. पातळी चढलेली दिसली म्हणून तो पाणी आवळतो, आणि तेही पाण्याची सर्वाधिक गरज असताना. थोड्या वेळाने फुगवटा ओसरतो आणि पातळी धाडकन कोसळते. मग तो घाईने भरपूर पाणी सोडतो. हे पाणी ड्रममधल्यापेक्षा थंड असल्याने बुडबुडे आणखी आक्रसतात आणि पातळी आणखी उतरते. बॉयलर ट्रिप होण्याची, म्हणजे आपोआप बंद पडण्याची, सगळी तयारी कंट्रोलरनेच केलेली असते.

यावरचा उपाय मोठ्या बॉयलरवर आता सर्रास आहे. नुसत्या पातळीवर न विसंबता तीन गोष्टी मोजायच्या: पातळी, बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणी. वाफ किती टन गेली हे कळताच तेवढं पाणी आत सोडायचा हुकूम लगेच निघतो. पातळी बदलण्याची वाट बघावी लागत नाही. पाण्याचा प्रवाह खरोखर तेवढा आहे ना, हे आतला एक वेगवान लूप बघतो. पंपाचा दाब हलला तरी त्याची झळ पातळीपर्यंत पोचू देत नाही. पातळीच्या कंट्रोलरकडे उरतं ते राहिलेलं थोडं कमी-जास्त सावकाश सांभाळण्याचं काम. फीडबॅक इथे मोडीत काढलेला नाही. त्याच्या आधी ताजी बातमी देणारा एक मार्ग जोडला आणि शिळ्या बातमीवरचा भार हलका केला.

हुकूम पोचतो, पण पाळला जातो का?

इन्स्ट्रुमेंट विभागात येणारी नेहमीची तक्रार अशी: ‘लूप हंटिंग करतोय, ट्यून करून द्या.’ स्क्रीनवरचा आलेख उघडला की बऱ्याचदा एक ओळखीची नक्षी दिसते. कंट्रोलरचा हुकूम करवतीच्या दात्यांसारखा तिरका चढतो, तिरका उतरतो. प्रवाह मात्र पायरीसारखा: बराच वेळ सपाट, मग एकदम उडी. ही नक्षी दिसली की नजर कंट्रोलरकडून व्हॉल्व्हच्या दांड्याकडे वळते. दांड्याभोवतीचं पॅकिंग गळती थांबवण्यासाठी कुणीतरी फार आवळलेलं असतं. हुकूम दोन-तीन टक्क्यांनी वाढेपर्यंत दांडा चिकटून बसतो आणि सुटला की गरजेपेक्षा पुढे जातो. मग कंट्रोलर मागे ओढतो आणि तो पुन्हा चिकटतो. ट्यूनिंगचे आकडे मवाळ केले तर झोके लांबतात, जात नाहीत.

खातरजमा करायची रीत सोपी आहे. लूप मॅन्युअलवर टाकून व्हॉल्व्ह एका जागी धरायचा. झोके थांबले तर दुखणं याच लूपमध्ये आहे. चालूच राहिले तर ते दुसरीकडून येतंय आणि हा लूप बिचारा त्याच्याशी झगडत होता. इतकं करूनही अनेक ठिकाणी लूप कायमचा मॅन्युअलवरच राहतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला हेलकावे खाणाऱ्या ऑटोपेक्षा आपल्या हाताचा भरवसा वाटतो. त्याला दोष देऊन भागत नाही. त्याचा विश्वास उडवणारं काहीतरी आधी घडलेलं असतं.

चुकीच्या आकड्याची किंमत

बातमी खरी आहे की नाही, हे कळण्याची सोय संदेश पाठवण्याच्या पद्धतीतच केलेली आहे. हवेच्या नळ्यांचा काळ होता तेव्हा संदेश 3 ते 15 पीएसआय दाबात जात असे, पुढे विजेच्या तारेत तो 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये जाऊ लागला. सुरुवात शून्यापासून नाही, ती मुद्दाम. टाकी रिकामी असेल तर 4 मिलिअँपिअर येतात, तार तुटली तर 0. ‘काही नाही’ आणि ‘काही कळत नाही’ यांतला फरक एवढ्या साध्या युक्तीने राखला जातो. व्हॉल्व्हलाही अशीच शिस्त असते. हवा गेली तर तो उघडा राहावा की बंद, हे आधीच ठरवून स्प्रिंग बसवतात. भट्टीचं इंधन बंद व्हायला हवं, थंड करणारं पाणी चालू राहायला हवं.

पण तार शाबूत असून आकडा खोटा असेल तर? अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात 23 मार्च 2005 रोजी हेच घडलं. सुमारे 52 मीटर उंचीचा एक मनोरा पुन्हा सुरू केला जात होता. त्यातला पातळीमापक तळाच्या तीनेक मीटरपुरताच होता आणि त्याचं कॅलिब्रेशन चुकलेलं होतं. तळातून द्रव बाहेर नेणारा व्हॉल्व्ह सुमारे तीन तास बंद राहिला आणि मनोरा भरत गेला. पातळीमापक द्रवात पूर्ण बुडाल्यावर त्याच्या आकड्याचा पातळीशी संबंधच उरला नाही. तो द्रवाच्या घनतेवर हलू लागला. द्रव तापून विरळ होत गेला तसा आकडा उतरत गेला. मनोरा तुडुंब होत असताना कंट्रोल रूममधल्या माणसांना पातळी हळूहळू उतरताना दिसत होती. धोक्याची सूचना देणारा दुसरा अलार्म वाजलाच नाही. शेवटी द्रव वरून ओसंडला, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. 15 जण मृत्युमुखी पडले, 180 जखमी झाले. तिथे लूप बंद करणारा कंट्रोलर माणूस होता, पण त्याने काही फरक पडला नाही. चुकीच्या बातमीवर माणूसही यंत्राइतकाच आंधळा असतो. म्हणूनच जिथे जीव जाऊ शकतो तिथे सुरक्षेची यंत्रणा वेगळी ठेवतात, तिचा पातळीमापक वेगळा आणि व्हॉल्व्हही वेगळा.

संगणक आला, प्रश्न तेच राहिले

संगणक या क्षेत्रात लवकर आला. टेक्साकोच्या पोर्ट आर्थर इथल्या कारखान्यात 1959 मध्येच एक संगणक प्रक्रियेला जोडला गेला. तो बहुतांशी सेटपॉइंट ठरवत असे, व्हॉल्व्ह हलवायला जुने कंट्रोलर होतेच. 1962 मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआयने फेरांटी कंपनीचा आर्गस संगणक थेट व्हॉल्व्हवर बसवला: 224 मोजमापं, 129 व्हॉल्व्ह आणि संगणक एकच. तो बंद पडला तर सगळंच बंद. ही भीती 1975 मध्ये हनीवेल आणि योकोगावा यांनी आणलेल्या पद्धतीने बरीच कमी केली. अनेक छोटे कंट्रोलर कारखानाभर विखरायचे आणि त्यांना एका जाळ्याने जोडायचं. आज डीसीएस म्हणतात ते हेच. हवेच्या नळ्या गेल्या, भिंतीवरच्या गोल तक्त्यांच्या जागी पडदे आले. पण त्या पडद्यांमागे चालणारं सूत्र बव्हंशी मिनोर्स्कीच्या तीन भागांचंच आहे.

संगणकाचा वेग वाढला म्हणून रस नळीतून लवकर वाहत नाही आणि इलेक्ट्रोडवरचा थर पातळ होत नाही. कंट्रोलर सेकंदात दहा वेळा हिशेब करत असला, तरी बातमी एक मिनिट जुनी असेल तर तो एका मिनिटापूर्वीच्याच कारखान्याशी बोलत असतो. म्हणून बिघडलेल्या लूपसमोर उभं राहिल्यावर अनुभवी माणूस ट्यूनिंगच्या आकड्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी तो विचारतो, बातमी खरी आहे का? मग विचारतो, ती किती शिळी आहे? मग, व्हॉल्व्ह हुकूम पाळतोय का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की आकडे बहुधा सोपे निघतात. न मिळाली तर कोणतेही आकडे चालत नाहीत. आणि सेटपॉइंट बरोबर आहे का, हा चौथा प्रश्न लूप कधीच विचारत नाही, कारण दिलेला आकडा गाठणं एवढंच त्याला ठाऊक असतं. तो आकडा देण्याची जबाबदारी आजही माणसावरच आहे.